‘ताई, आता थांबवू का?’ : मरणाला मदत करणे, मरू देणे आणि आपला कायदा

रानजाई

नमस्कार. हा धागा काढावा की नाही, याचा विचार मी पुष्कळ दिवस करत होते. इच्छामरणावर याआधी येथे चर्चा झाली आहे, परंतु ती बहुतेक वेळा ‘असावे की नसावे’ एवढ्यावरच संपली. मला जे विचारायचे आहे ते माझ्या घरात, माझ्या एका शब्दाने घडलेले आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये माझी आई मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन आमच्या जिल्ह्याच्या गावातील एका खासगी रुग्णालयात दाखल झाली. ती निवृत्त प्राथमिक शिक्षिका होती आणि तेव्हा तिचे वय ८१ होते. सतरा दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. हातांना इतकी सूज आली की तिच्या पाटल्या सोनाराला बोलावून कापून घ्याव्या लागल्या. त्या कापलेल्या पाटल्या रुमालात बांधताना माझ्या मनाने काय ते ओळखले होते. बाबांच्या शेवटच्या आजारपणानंतर आई अनेकदा म्हणत असे, ‘मला नळ्यांत गुंडाळून ठेवू नका, घरातून जाऊ द्या.’ हे तिने मला सांगितले होते, माझ्या भावाला कधी सांगितले नव्हते, आणि कोठे लिहून ठेवलेले तर मुळीच नव्हते.

अठराव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की मेंदूचे कार्य परत येण्याची आशा नाही, आणि ‘घरी न्यायचे असेल तर बघा.’ मी होकार दिल्यावर परिचारिकेने एक छापील कागद पुढे केला. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास नेत आहे,’ असा त्यावर मजकूर होता. सल्ला त्यांनीच दिलेला होता आणि तो धुडकावल्याची सही मात्र मी करत होते. कोणत्या ओळीवर सही करायची ते दाखवणारे तिचे बोट मला आजही दिसते.

रुग्णवाहिकेत पंचविशीतला एक मुलगा हाताने अम्बू बॅग दाबून आईला श्वास देत होता. घरी कॉटवर ठेवल्यावरही तो खाली बसून दाबतच राहिला. वीस-पंचवीस मिनिटे गेल्यावर त्याने मान वर करून अगदी हळू आवाजात विचारले, ‘ताई, आता थांबवू का?’ मी ‘हो’ म्हणाले. आईच्या मुखात पाणी आणि तुळशीपत्र घातले. त्यानंतर चाळीस मिनिटे तिला घरघर लागली होती आणि मग ती गेली.

शेजारच्या बायका म्हणाल्या, ‘सुटली हो बिचारी.’ भाऊ संध्याकाळी पोहोचला. दहाव्याच्या दिवशी नदीवरून परतताना तो मला एवढेच म्हणाला, ‘तू तिला मारायला घरी आणलीस.’ त्यानंतर आम्ही या विषयावर एक अक्षर बोललेलो नाही, आणि तो मुलगा काय विचारत होता हेही मी त्याला आजवर सांगितलेले नाही.

मी जे केले ते कायद्याच्या भाषेत काय होते, हे मला समजून घ्यायचे आहे. मी आईला मरायला मदत केली, की तिला मरू दिले? या दोहोंत खरोखर अंतर आहे, की ते आपण स्वतःच्या समाधानासाठी मानतो? आणि त्या चाळीस मिनिटांत तिला त्रास झाला असेल का, हे कोणी वैद्यकीय क्षेत्रातील व्यक्ती सांगू शकेल का?

तळटीप

रानजाई, मी वकिली करतो, तेव्हा कायद्यापुरते लिहितो. हा औपचारिक सल्ला समजू नये, पण मुद्दा स्पष्ट आहे.

आपल्या कायद्यात स्वतःचे जीवन संपवण्यास दुसऱ्याला प्रवृत्त करणे किंवा साहाय्य करणे हा गंभीर गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ मध्ये आहे, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत होऊ शकते. दुसऱ्याच्या विनंतीवरून, दयेपोटी का होईना, त्याला प्रत्यक्ष ठार करणे हा सदोष मनुष्यवध आहे. सज्ञान व्यक्तीची संमती असेल तर तो ‘खून’ या सदरातून बाहेर पडतो एवढेच, गुन्हा राहतोच. मात्र तुमच्या आईने आत्महत्या केली नाही आणि तुम्ही तिला ठार केले नाही. तिचा मृत्यू मेंदूतील रक्तस्रावाने झाला, आणि तो लांबवणारा उपचार थांबला. हा भेद शाब्दिक नाही, घटनापीठाने तो मान्य केलेला आहे.

तो मान्य होईपर्यंतचा प्रवास मात्र मोठा आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा फार आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा देणारे कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच घटनाबाह्य ठरवले होते. ते प्रकरण अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या मुंबईतील एका पोलीस शिपायाचे होते आणि निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा होता. आजाराने गांजलेल्या माणसाला तुरुंगात घालून काय साधणार, हा त्यातील प्रश्न आजही तितकाच खरा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच भूमिका घेतली, पण १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती फिरवली आणि जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असे सांगितले. तरीही त्याच निकालात, जगण्याच्या हक्कात नैसर्गिक अखेरीपर्यंत सन्मानाने जगणे आणि सन्मानाने मरणे येते, असा एक दरवाजा किलकिला ठेवलेला होता. हल्ल्यानंतर अचेतन अवस्थेत राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबद्दलचा २०११ चा निकाल आणि ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवरील ९ मार्च २०१८ चा निकाल त्याच दरवाजातून आत आले. २०१८ च्या निकालाने सांगितले की उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे, आणि बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचा जीवनाधार काढून घेणे म्हणजे हत्या नव्हे.

आता तुमच्या प्रकरणाचा कटू भाग. तुमच्या आईच्या वेळी हा निकाल होऊन अकरा महिने झाले होते. लिव्हिंग विल, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, नसले तरी डॉक्टरांची मंडळे नेमून, नातेवाइकांच्या संमतीने, रुग्णालयातच उपचार थांबवण्याचा मार्ग त्यात सांगितलेला होता. पण तेव्हाची प्रक्रिया इतकी किचकट होती की तज्ज्ञांना वीस वर्षांचा अनुभव हवा, इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी, मंडळाच्या निर्णयानंतर न्यायदंडाधिकाऱ्याने रुग्णालयात येऊन रुग्णाला पाहायला हवे. जिल्ह्याच्या ठिकाणी हे कोण करणार? म्हणून तो छापील कागद पुढे आला. त्या कागदाने रुग्णालय मोकळे झाले आणि निर्णय तुमच्या एकटीच्या माथी आला. प्रक्रिया पाळली गेली नाही हे खरे, परंतु ती सुरू करणे हे रुग्णालयाचे काम होते, तुमचे नव्हे.

पहाटवारा

मी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर आहे. तळटीप यांनी शेवटी जे लिहिले ते वाचून मान खाली गेली, कारण असे कागद मीही भरून घेतले आहेत. आमच्या बोलण्यात त्याला ‘डामा’ (डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अॅडव्हाइस) म्हणतात. ज्या रुग्णाच्या बाबतीत आम्हीच आशा सोडलेली असते, त्याचे नातेवाईक आमच्या सल्ल्याविरुद्ध त्याला नेत आहेत असे आम्ही लिहून घेतो, आणि आपल्या देशात पुष्कळ माणसांचा शेवट याच कागदाने होतो. यामागे क्रौर्य नसते, भीती असते. व्हेंटिलेटर मी काढला तर उद्या कोणी तक्रार करेल, पोलीस येतील, ही भीती वरिष्ठांपासून निवासी डॉक्टरांपर्यंत सर्वांना असते.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण मला वाटते खरा प्रश्न तोच आहे. इतका मोठा रक्तस्राव आणि इतकी खोल बेशुद्धी असलेल्या रुग्णाला श्वासाची तडफड जाणवण्याची शक्यता फार कमी असते. ज्याला आपण घरघर म्हणतो तो आवाज घशात साठलेल्या स्रावामुळे येतो, रुग्ण ते गिळू किंवा खोकून काढू शकत नाही म्हणून. ऐकणाऱ्याला तो असह्य होतो, पण तो गुदमरण्याचा आवाज नव्हे. मी तुमच्या आईला तपासलेले नाही, त्यामुळे याहून ठाम बोलणे अप्रामाणिक ठरेल.

परंतु एक गोष्ट ठाम सांगता येते. हेच रुग्णालयात नीट केले असते, तर नळी काढण्यापूर्वी श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून औषध दिले असते, स्राव कमी करण्याचे औषध दिले असते, आणि तुम्हाला आईचा हात धरून बसता आले असते. ते औषध बहुधा मॉर्फिन असते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते मिळवणे इतके जिकिरीचे झाले होते की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, पण सवय तेवढ्या लवकर बदलली नाही. केरळने २००८ मध्येच वेदनाशामक सेवेचे स्वतंत्र धोरण आणले आणि गावोगावी घरी जाऊन रुग्ण पाहणाऱ्या परिचारिका उभ्या केल्या. आपल्याकडे वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला कर्करुग्णांसाठी केंद्र आहे, टाटा रुग्णालयाचा विभाग आहे, पण जिल्ह्याच्या गावी ‘आता आणखी उपचार नकोत, फक्त त्रास नको’ असे म्हणणाऱ्या कुटुंबाने कोणाकडे जायचे? मरायला मदत करावी का, यावर आपण तावातावाने वाद घालतो, आणि मरताना मदत करणारा माणूस मात्र रुग्णवाहिकेतला तो मुलगा असतो.

एक तांत्रिक पण आवश्यक गोष्ट. यासाठी ‘निष्क्रिय दयामरण’ हा शब्द वापरू नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१८ मध्येच सांगितले आहे. त्या शब्दाने असे वाटते की मारण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला एक जरा सौम्य आहे.

सडेतोड

डॉक्टरांच्या भावनेचा आदर राखून लिहितो की हा भेद मला पोकळ वाटतो. अम्बू बॅग थांबवल्यावर मृत्यू येणार हे सर्वांना ठाऊक होते आणि तो यावा म्हणूनच ती थांबवली. परिणाम तोच, हेतूही तोच. मग चाळीस मिनिटे घरघर ऐकत बसण्यापेक्षा एका इंजेक्शनने दोन मिनिटांत शांतपणे जाऊ देणे अधिक दयेचे नाही का? नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी २००२ मध्ये हे कायद्याने मान्य केले, कॅनडाने २०१६ मध्ये केले. आपण मात्र माणसाला हळूहळू मरू देतो आणि त्याला नीतिमत्ता म्हणतो. ज्याचे दुखणे त्याचा निर्णय, एवढे साधे तत्त्व मानायला आपल्याला जड का जाते?

उंबरठा

सडेतोड, ‘ज्याचे दुखणे त्याचा निर्णय’ हे तत्त्व मलाही हवे आहे. मी चौदा वर्षे चाकाच्या खुर्चीवर आहे, मानेखाली फारशी हालचाल नाही. अपघातानंतर पहिल्या वर्षी मला कोणी विचारले असते, तर मी निर्णय देऊन मोकळा झालो असतो. आज मी भाषांतराचे काम करतो आणि माझी भाची माझ्याकडे गणित शिकायला येते.

माझी अडचण निर्णयाची नाही, तो ज्या हवेत घेतला जातो त्या हवेची आहे. रानजाईंच्या शेजारणी म्हणाल्या ते ‘सुटली’ आपल्या सर्वांच्या तोंडात सहज बसलेले आहे. माझ्या वडिलांना माझ्यादेखत, मी झोपलो आहे असे समजून, एका नातेवाइकाने म्हटले होते, ‘यापेक्षा सुटला असता तर बरे.’ त्यात दुष्टावा नव्हता. पण उद्या कायद्याने इंजेक्शनचा पर्याय ठेवला, की हेच वाक्य डॉक्टरांच्या खोलीत बोलले जाईल, आणि ज्याला रोज दुसऱ्याच्या हातून जेवायचे आहे तो ‘नको’ म्हणण्याचे बळ कोठून आणेल? कॅनडाने २०२१ मध्ये, मृत्यू जवळ आलेला असला पाहिजे ही अट काढली, तेव्हा तिकडच्या अपंगांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या त्या याच कारणाने.

जीवनाधार काढण्याबद्दल मला ही भीती वाटत नाही, कारण तेथे शरीर जाऊ पाहत असते आणि यंत्र त्याला धरून ठेवत असते. हेतू तोच असतो हे मला मान्य नाही. रानजाईंची आई बॅग थांबवल्यावरही श्वास घेत राहिली असती, तर त्यांनी उशी उचलली नसती, दूध आणायला कोणाला तरी पाठवले असते.

रानजाई

उंबरठा, शेवटचे वाक्य वाचून मी बराच वेळ उठून गेले होते. खरोखर तसेच केले असते.

पांढरी टोपी

मी मुंबईतील एका महापालिका रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. अरुणा शानबाग यांचे नाव वर आले म्हणून लिहिते, कारण आमच्या पिढीतील प्रत्येक परिचारिकेच्या मनात त्या वॉर्डचा एक कोपरा आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या, आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षे परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, कूस बदलली, केस विंचरले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण होऊ दिला नाही. ज्यांनी हे काम केले नाही त्यांना याची किंमत कळणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी वळवावे लागते, आणि एक पाळी चुकली तर पाठ लाल होते.

त्यांचे अन्न थांबवू द्यावे, या पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर २०११ मध्ये न्यायालयाने अन्न थांबवण्यास नकार दिला आणि अरुणाबद्दल बोलण्याचा अधिकार तिची सेवा करणाऱ्यांचा आहे असे सांगितले, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आज मला तो आनंद चुकीचा वाटत नाही, परंतु अपुरा वाटतो. आम्हाला काय हवे होते ते न्यायालयाने ऐकले, विराणी यांना काय हवे होते तेही ऐकले. अरुणाला काय हवे होते हे कोणालाच माहीत नव्हते, आणि ते कळण्याचा कोणताच मार्ग उरलेला नव्हता. आमची माया खरी होती, तरी ती तिची संमती नव्हती.

तिच्यामुळे बाकीच्या सर्वांना हक्क मिळाला आणि तिला स्वतःला तो लागू झाला नाही, ही गोष्ट मला झोपेत आठवते.

शेवंती

मी मेलबर्नमध्ये परिचारिका आहे. सडेतोड यांच्या मुद्द्यावर प्रत्यक्ष पाहिलेले लिहिते.

आमच्या व्हिक्टोरिया राज्याने, रुग्णाने मागितल्यास मरणाला वैद्यकीय मदत देण्याचा कायदा २०१७ मध्ये मंजूर केला आणि जून २०१९ पासून तो लागू झाला. त्यात रुग्ण सज्ञान हवा, स्वतः निर्णय घेण्यास सक्षम हवा, सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित हवा, आणि मज्जासंस्थेचा आजार असल्यास ही मुदत बारा महिने होती. तीन वेळा विनंती करावी लागे, त्यातली एक लेखी, दोन साक्षीदारांसमोर. केवळ अपंगत्व किंवा केवळ मानसिक आजार हे कारण चालत नसे. आणि रुग्णाने आपणहून विषय काढल्याशिवाय आम्ही तो काढणे त्या मूळ कायद्याने मना होते.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की रानजाईंची आई या कायद्यात कोठेच बसली नसती. ज्याला बोलता येत नाही, ज्याची शुद्ध हरपली आहे, त्याच्यासाठी हा कायदा नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णालाही तो जवळजवळ बंदच आहे, कारण मृत्यू इतका जवळ येईपर्यंत त्याची निर्णयक्षमता गेलेली असते. मी या कायद्याच्या विरोधात नाही. माझ्या वॉर्डातील एका आजोबांनी सर्व परवानग्या मिळवल्या आणि शेवटपर्यंत त्या वापरल्या नाहीत. दार उघडे आहे एवढे कळल्यावर त्यांची रात्रीची झोप परत आली. त्यांच्यासाठी तो कायदा योग्यच होता. पण त्या मजल्यावर रोज जी माणसे जातात, त्यांतली फार थोडी त्या मार्गाने जातात. बाकीच्यांना लागते ते आधी लिहून ठेवलेले इच्छापत्र आणि वेळेवर मिळालेले औषध. भारताने दुसरे दार उघडण्याचा वाद घालण्यापूर्वी पहिले दार नीट उघडावे, असे मला मनापासून वाटते.

जुना गिरगावकर

मी ७९ वर्षांचा आहे. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. मला गुडघे, साखर आणि एकटेपण याखेरीज काही आजार नाही. २०१७ च्या अखेरीस आमच्याच गिरगाव परिसरातील एका निपुत्रिक वृद्ध जोडप्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून, आजारी पडून परावलंबी होण्यापूर्वी आम्हाला एकत्र मरू द्या, अशी मागणी केली होती. लोकांनी त्यांना विचित्र म्हटले, मला मात्र ते पटले होते. सावरकरांनी १९६६ मध्ये अन्नपाणी सोडले, विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध दोन्ही नाकारले, तेव्हा देशाने हात जोडले. कृतार्थ माणसाने निरोप घ्यावा ही आपलीच परंपरा आहे. मग माझ्यासारख्या सामान्य माणसाने, कोणावर ओझे होण्यापूर्वी, व्यवस्थित निरोप घेण्याची सोय मागितली तर ती भेकडपणाची का ठरावी?

उंबरठा

काका, भेकडपणाची मुळीच नाही. पण एक गोष्ट नम्रपणे सांगतो. विनोबांच्या उशाशी त्या दिवसांत आश्रमातील माणसे अहोरात्र होती, स्वतः पंतप्रधान भेटायला आल्या होत्या. ते आजारी होते, त्यांनी उपचार नाकारला, आणि त्यांना जाऊ नका असे म्हणणारी माणसे भोवती होती. तुमच्या पत्रात मला ‘कृतार्थ’ या शब्दापेक्षा ‘ओझे’ हा शब्द मोठा दिसतो, आणि तो शब्द मला चौदा वर्षांपासून ठाऊक आहे. ज्याला मरण नको आहे, फक्त एकटे मरण नको आहे, त्याला मरणाची सोय करून देणे म्हणजे समाजाने आपले काम टाळणे आहे.

तुम्ही रात्री जेवता काय, डबा येतो की स्वतः करता? मी दादरला राहतो. व्यक्तिगत निरोपातून आपला क्रमांक कळवा, मी रविवारी दूरध्वनी करतो. आणि एखाद्या रात्री विचार फार दाटून आले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. मी स्वतः बोललो आहे.

जुना गिरगावकर

डबा येतो. क्रमांक कळवला आहे.

तळटीप

तीन-चार जणांनी निरोपातून विचारले आहे की आज इच्छापत्र कसे करायचे, म्हणून ते येथेच लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२३ रोजी प्रक्रिया बरीच सोपी केली. अठरा वर्षांवरील, शुद्धीत असलेल्या कोणालाही ते करता येते. कोणत्या अवस्थेत कोणता उपचार नको, हे स्पष्ट लिहावे. ‘कृत्रिम उपाय नकोत’ असे मोघम लिहिले तर ऐनवेळी अर्थावरून वाद होतो. आपल्या वतीने निर्णय देणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावे द्यावीत, म्हणजे भार एकावर येत नाही. दोन साक्षीदारांच्या समक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करावे. न्यायदंडाधिकाऱ्याची सही आता लागत नाही. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांना द्यावी आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. हे अधिकारी पुष्कळ काळ नेमलेच नव्हते. मुंबईतील डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यावर महाराष्ट्रात नेमणुका झाल्या. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र करून सुरुवात केली.

प्रत्यक्ष वेळ आली की उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेल्या डॉक्टरांसह दुसरे मंडळ ते तपासते, आणि रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवते. मतभेद झाल्यास उच्च न्यायालयात जाता येते. इच्छापत्र नसले तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच वाट आहे, आणि रुग्णालयाने ‘घरी न्या’ म्हटले तर ‘येथेच मंडळ नेमा’ असे लेखी मागावे.

सडेतोड, तुमच्या मुद्द्याला हे पूर्ण उत्तर नाही, हे मला मान्य आहे. असह्य वेदनेत असलेल्या, पण कोणत्याही यंत्रावर नसलेल्या माणसासाठी या प्रक्रियेत काहीही नाही. त्याच्याजवळ काढून घेण्यासारखे काही नसते. त्या माणसाबद्दल आपला कायदा गप्प आहे, आणि मीही ठाम मत देऊ शकत नाही.

सडेतोड

माझे मत त्याच माणसामुळे झालेले आहे. ते माझे सासरे होते. याहून अधिक लिहिणे आज जमणार नाही. पण वेदनाशामक सेवा त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचली नव्हती, हे डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून प्रथमच लक्षात आले.

रानजाई

तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

हा धागा मी भावाला पाठवला. दोन दिवस उत्तर आले नाही, तिसऱ्या दिवशी तो स्वतः गाडीने आला. चहा होईपर्यंत काही बोलला नाही. मग त्याने विचारले, ‘तो मुलगा किती वेळ बॅग दाबत होता?’ मी म्हटले, ‘घरी आल्यावर पंचवीस मिनिटे, त्याआधी रस्ताभर.’ तो म्हणाला, ‘त्याला पाणी तरी विचारलेस का?’ मला आठवेना. आम्ही दोघेही त्यावर रडलो. आईबद्दल नंतर बोललो. तिने मला जे सांगितले होते ते त्याला कधी का सांगितले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. बहुधा त्याला वाईट वाटेल म्हणून. तो म्हणाला की त्या दिवशी आपण पोहोचलो नाही, याचा राग तो माझ्यावर काढत होता.

गेल्या सोमवारी मी माझे इच्छापत्र केले. नोटरींनी असा कागद यापूर्वी पाहिलेला नव्हता, त्यांनी दोन वेळा वाचला आणि मग शिक्का उठवला. माझ्या वतीने बोलणाऱ्यांत मुलाचे आणि भावाचे नाव आहे. शेवटी मी एक वाक्य स्वतःच्या शब्दांत घातले, आणि ते काढा असे वकिलांनी सुचवूनही ठेवले : ‘उपचार थांबवण्याचा प्रश्न डॉक्टरांनी आपापसांत ठरवून मग माझ्या माणसांना सांगावा, आणि ते यंत्र बंद करताना डॉक्टर खोलीत हजर असावेत. माझ्या मुलाला कोणीही थांबवू का असे विचारू नये.’

भावाने ते वाचले, चष्मा पुसला आणि आपल्या नावापुढे सही केली.